सगळे पाय एका तारखेचे

प्रत पहिली

काकांनी मागच्या खोलीचं दार ढकललं तेव्हा टेबलावर, बूट पुसायच्या पिवळ्या फडक्यावर, आप्पांची हार्ड डिस्क ठेवलेली होती. थोरल्याने काय करावं? फडक्याचं टोक ओढून डिस्क झाकली. उघड्यावर निजलेल्या माणसावर पांघरूण घालावं तशी. मग त्याला स्वतःचीच लाज वाटली, आणि लाज वाटली म्हणून राग आला.

"यांना कुणी बोलावलं?"

"मी," आई खुर्चीतूनच म्हणाली. "ये म्हटलं, आले. तू बस."

आईला खुर्चीतूनच बोलणं भाग होतं. तिचा डावा पाय उजव्याहून आखूड, घोट्यात आत वळलेला. आप्पांनी केलेल्या बुटाशिवाय तिला चार पावलं जमत नसत. हिवाळ्यात आप्पा गेले आणि त्यांच्या पाठोपाठ त्या बुटाचा तळ मधोमध चिरला. आता उन्हाळा सरत आला होता. पलंग ते खुर्ची, खुर्ची ते पलंग, एवढाच तिचा मुलूख. थोरल्याने दोनदा नवा बूट करून पाहिला. पहिला जुन्या बुटावरून उचलला. पण जुन्या बुटात पायापेक्षा झीजच जास्त होती, तीच त्याने हुबेहूब शिवली, आणि आईचा घोटा सोलवटला. दुसरा अंदाजाने केला. त्याची टाच फिरली आणि आई भिंतीला धरून वाचली. तेव्हापासून ती म्हणू लागली, "असू दे रे. मला कुठे जायचंय आता?"

हे वाक्य त्याला रोज जेवताना आठवायचं. वाकड्यातिकड्या पायांचे बूट करणारं घर. कितीतरी पाय लंगडत या दुकानात शिरले आणि सरळ चालत बाहेर पडले. आणि घरचीच बाई खुर्चीत. दिव्याखाली अंधार म्हणतात तो याहून काळा काय असणार?

आईच्या पायाची आकृती एकाच ठिकाणी होती, त्या फडक्याखाली. ज्यावर बूट चढवून शिवायचा तो लाकडी फर्मा आप्पा कधीच ठेवत नसत. बूट झाला की फर्मा शेगडीत. "जुना फर्मा जपला की हात आळशी होतो. पाय बदलतो, लाकूड बदलत नाही," हे त्यांचं ठरलेलं. आकृत्या मात्र ठेवायचे, जुन्या विंडोजवरच्या एका प्रोग्राममध्ये. तो प्रोग्राम करणारं दुकानच कधीचं बंद पडलेलं. आप्पांमागून महिन्याभरात त्यांचा कॉम्प्युटरही गेला. आतला बोर्ड जळला, डिस्क तेवढी वाचली. म्हणून त्याची बहीण, धाकटी, रजा टाकून आली होती, आपला मॅक घेऊन.

"मी उभाच बरा," काका म्हणाले. "कुणाला अडचण नको."

"स्टूल आहे की," थोरल्याची बायको म्हणाली. स्टूल तिने आधीच पुसून ठेवलेलं. थोरल्याने तिच्याकडे पाहिलं. ती धाकटीच्या पडद्याकडे बघत राहिली.

म्हणजे हीसुद्धा.

"ऐका," धाकटी म्हणाली, कारण आता कुणीतरी दुसरं काही बोलायला हवं होतं. "ही डिस्क आपण थेट चालू करायची नाही. चालू झाली की ती स्वतःवर काहीबाही लिहीत बसते. काल मी तिची जशीच्या तशी प्रत काढलीय. आता मॅकच्या पोटात एक खोटा कॉम्प्युटर उभा करायचा आणि ही प्रत त्याला द्यायची. विंडोजला वाटणार, आपण आपल्याच घरी आहोत."

"फसवायचं म्हणजे," आई म्हणाली.

"फसवायचंच."

काका खाकरले. "अशा प्रती किती निघतात गं?"

"एकच," थोरला म्हणाला.

"हव्या तेवढ्या," धाकटी त्याच क्षणी म्हणाली.

दोन्ही उत्तरं हवेत एकमेकांवर आपटली. काका हसले नाहीत, हे त्यांचं नशीब. दोघा भावांची वाटणी झाली तेव्हा दुकान आणि कॉम्प्युटर आप्पांकडे आले होते. काकांनी मापाच्या पट्ट्या नेल्या आणि दोन रस्ते सोडून तयार बुटांचं दुकान टाकलं. जमीन, भिंती, यंत्रं, सगळं एकाला दिलं की दुसऱ्याला नाही. थोरला वाटणी शिकला ती अशी. एकाकडे राहून दुसऱ्याकडेही जाईल अशी वस्तू या घरात आजवर आली नव्हती. तिच्यावर पहारा कसा ठेवायचा हे त्याला कळेना.

धाकटीने खोटा कॉम्प्युटर चालू केला. काळा पडदा. मग निळा. निळ्यावर पांढरी अक्षरं, आणि पुन्हा काळा.

"मेला का?" आईने विचारलं.

"अडखळलाय. त्याची डिस्क ज्या वाटेने जोडलेली असायची ती वाट सापडत नाहीये त्याला."

"आपल्या घरी नाही हे ओळखलं त्याने," काका म्हणाले.

"काही जण लगेच ओळखतात," थोरला म्हणाला.

काका स्टुलावर बसले.


प्रत दुसरी

काका स्टुलावर बसलेले. आई खुर्चीत. धाकटीने डिस्क जोडायची रीत बदलून जुनी केली, आणि त्याच प्रतीचं एक कोरं भावंड काढून पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली.

काळा पडदा. ओळखीची चार रंगांची खिडकी. खिडकी गेली. मग हिरवट, कुठलंही चित्र नसलेला पडदा उजळला, आणि त्याच्या डाव्या कडेला आप्पांच्या फाइलींच्या खुणा ओळीने उभ्या राहिल्या.

धाकटीच्या चकचकीत मॅकवर ती खिडकी एवढीशी, कडा धुरकट, अक्षरं जाडीभरडी. थोरल्याला वाटलं, आपल्याला कुणी म्हातारपणी दुसऱ्याच्या दिवाणखान्यात आणून बसवलं तर आपण असेच दिसू. आईने चष्मा वर सरकवला.

"हेच. हाच रंग. दुसरा लावून दिला होता तू, तर दोन दिवस जेवले नव्हते."

"एक दिवस," धाकटी म्हणाली.

तिने प्रोग्राम उघडला. पडद्याच्या मधोमध एक करडी चौकट आली.

    वापराची मुदत संपली आहे.
    हा परवाना कायमचा बंद करण्यात येत आहे.

"कायमचा?" थोरला उठला. "कायमचा म्हणजे?"

"या प्रतीपुरता. तू घाबरू नको, मूळ डिस्क तशीच आहे. पण असं का व्हावं? आप्पा तर शेवटच्या आठवड्यापर्यंत यावरच..."

"यांना विचार." थोरल्याने बोट केलं नाही, हनुवटी केली. "परवाना दोघांच्या नावाने होता. माहिती असेल यांना."

"अरे, काय बोलतोस," बायको पुटपुटली.

"बोलू दे त्याला," काका म्हणाले. "खरं आहे. दर वर्षी दोघांच्या सह्या लागायच्या. त्या वर्षी मी केली नाही."

"का नाही केली?" हे आईने विचारलं. मधल्या इतक्या वर्षांत तिने हे विचारलं नव्हतं, हे तिच्या आवाजावरून कळलं.

"सुताराच्या मुलीचा बूट, वहिनी. तुम्हाला ठाऊक आहे."

सगळ्यांनाच ठाऊक होतं. त्या दिवसांत माप काका घ्यायचे आणि आकृती आप्पा काढायचे. सुताराच्या मुलीला बूट लागला, पाय सुजला, महिनाभर ती घरी बसली. आप्पा म्हणाले माप चुकलं. काका म्हणाले आकृती चुकली. कुणाचं चुकलं ते कळलंच नाही. हळूहळू ते कळावं अशी इच्छाही कुणाला उरली नाही, आणि मग दुकान फुटलं.

"परवाना तेरा मार्चला संपत होता," काका म्हणाले. "तेराला सकाळी मी सही करणार नाही म्हणून सांगितलं आणि पट्ट्या उचलून निघालो. मला वाटलं, दोन दिवसांत आप्पा येईल. सहीसाठी का होईना, येईल. नाही आला. मग मी समजलो, त्याने दुसरं काही घेतलं असेल."

"दुसरं काहीच घेतलं नव्हतं," थोरला म्हणाला. "हेच चालवायचे."

"हे चालणार कसं? बंद पडलेलं!"

"मी रोज समोर बसून पाहिलंय, काका. चालत होतं."

आवाज चढले की धाकटी कामात डोकं घालते. लहानपणीही भांडण सुरू झालं की ती पाटीवर काहीतरी लिहीत बसायची. आत्ता तिने प्रोग्राम बाजूला सारला आणि आकृत्या तरी शाबूत आहेत का ते बघायला त्यांचा फोल्डर उघडला. शेकडो पाय. आप्पांनी कुणालाही नावाने ठेवलं नव्हतं. धंदा, नातं, नाहीतर खोडी. पोस्टमन. दुसरा पोस्टमन. नाचणारी. पुलावरचे मास्तर. भांडकुदळ बाई. भांडकुदळ बाईंचा गरीब नवरा.

"हे काय," थोरल्याची बायको पडद्याजवळ वाकली. "या शेवटच्या रकान्यात सगळीकडे एकच का लिहिलंय?"

"ती तारीख आहे, वहिनी. आकृती कधी काढली त्याची." धाकटीने खाली सरकवलं, आणखी खाली, तळापर्यंत; अगदी जुन्या मोजक्या आकृत्या सोडल्या तर सगळीकडे तीच. "बोर्डवरची छोटी बॅटरी मेली असणार. घड्याळ मागे पडतं मग."

"मागे पडलं तर मेलं कुठल्याही दिवशी पडेल. रोज एकाच दिवशी कसं पडेल?"

धाकटी पुन्हा वर सरकवू लागली. थोरला तिच्या खांद्यावरून वाकला. बारा मार्च. पोस्टमनचा पाय बारा मार्च. नाचणारीचा बारा मार्च. पुलावरचे मास्तर गेल्याच वर्षी पहिल्यांदा दुकानात आले, दार त्यानेच उघडलं होतं, त्यांच्या पायासमोरही त्या जुन्या सालचा बारा मार्च.

त्याने तारीख मोठ्याने वाचली. सालासकट.

काकांनी दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवले. हात थरथरत होते. पण ते तसेही थरथरायचे.

"आदला दिवस," ते म्हणाले.

"मग त्यात काय?" आई सगळ्यांकडे आळीपाळीने बघू लागली. "ते रोजच करायचे. सकाळी बटण दाबलं की आधी कोपऱ्यातलं घड्याळ उघडायचं, तारीख मागे न्यायची, मग चहा. मला वाटलं, कॉम्प्युटर चालू करायची रीतच ती. तशी नसते का?"

"नसते, आई," धाकटी हळूच म्हणाली.

"मला काय माहीत? मी एकच पाहिलाय."

"परवाना तेराला संपतो," थोरला म्हणाला, स्वतःशी हिशेब मांडल्यासारखा. "बारा म्हणजे चालणारा शेवटचा दिवस. म्हणून बारा. बाकी काही नाही त्यात."

"दहा चालली असती," काका म्हणाले. "फेब्रुवारी चालला असता. त्याआधीचं कुठलंही साल चाललं असतं."

"सगळ्यात जवळची तारीख घेतली असेल त्यांनी."

"असेल."

"तुम्हाला काय वाटतं, तुमच्यासाठी..."

"मला काही वाटत नाही रे." काकांनी हात उचलून त्याला थांबवलं. "बाराला आम्ही या टेबलावर जेवलो. तो एक बोलला, मी दोन बोललो, रोजच्यासारखं. काय बोललो ते आठवत नाही. आठवण्यासारखा दिवसच नव्हता तो."

बाहेर दुकानाची घंटा वाजली. कुणीतरी आत आलं, थोडं थांबलं आणि निघून गेलं. थोरला उठला नाही. गिऱ्हाईक परत पाठवणं हे त्या घरात पाप होतं, आणि आज ते घडलं तरी कुणी त्याला टोकलं नाही.


प्रत तिसरी

पुन्हा कोरी प्रत. या वेळी चालू करण्याआधी धाकटीने खोट्या कॉम्प्युटरचं घड्याळ मॅकच्या घड्याळापासून सोडवलं.

"हे केलं नव्हतं मी मघाशी. जन्मला की तो मॅकला तारीख विचारतो, आणि मॅक खरं सांगतो."

"खरं सांगून घात केला," आई म्हणाली.

इंटरनेट तोडलं. तारीख घातली. बारा मार्च. विंडोज उठलं, आपण नव्या जागी आहोत अशी थोडी कुरकुर केली आणि गप्प झालं. मग प्रोग्राम. पडद्याच्या मधोमध चौकट येईल म्हणून सगळे थांबले. आली नाही. पांढरा कागद उघडला आणि बाजूला पायांची रांग लागली.

आईने डोळे मिटून घेतले. थोरल्याने पाहिलं, त्याची बायको तिच्या खुर्चीमागे उभी होती आणि तिने आईच्या खांद्यावर हात ठेवला होता. हे केव्हापासून? तो रोज कामावर असायचा. पलंग ते खुर्ची आईला कोण नेतं हे त्याने कधी विचारलं नव्हतं.

रांग खाली सरकताना 'सुताराची मुलगी' आली. धाकटीची बोटं थांबली. सगळ्यांनी ती ओळ वाचली, काकांनीही. उघडली असती तर आकृती दिसली असती. थोरल्याला आकृत्या वाचता येत होत्या. इतक्या वर्षांचा निकाल दोन मिनिटांत लागला असता. आप्पांविरुद्ध लागला तर? त्याने काकांकडे पाहिलं. काकांच्या चेहऱ्यावर तीच भीती होती, फक्त उलट्या बाजूने शिवलेली.

"पुढे चल," थोरला म्हणाला.

धाकटी पुढे गेली.

आईला आप्पांनी 'घर' म्हणून ठेवलं होतं. शोधायला वेळ लागला नाही, पण सापडलं ते असं :

    घर
    घर नवीन
    घर नवीन खरं
    घर शेवटचं
    घर शेवटचं बरोबर
    घर हेच
    घर शेवटचं बदललेलं
    घर शेवटचं शेवटचं

"अगं बाई," थोरल्याची बायको म्हणाली. हसू तिला आवरलं नाही. धाकटीही हसली, आणि आई सर्वांत जास्त. काकांनी चष्मा काढून पुसला.

हसू ओसरल्यावर थोरला म्हणाला, "यातलं सगळ्यात नवं कुठलं?"

धाकटीने तारखांच्या रकान्यावर बोट नेलं आणि तिथेच ठेवलं.

बारा मार्च. बारा मार्च. बारा मार्च.

"वेळ असेल ना? तास-मिनिटं?"

"सकाळचा साडेदहाचा आहे, संध्याकाळचा सातचा आहे. कुठल्या वर्षाचे साडेदहा, ते कुठे लिहिलंय?"

तिने एकेक आकृती उघडली. आठही वेगळ्या. एकीत घोटा जास्त वळलेला, एकीत कमी. एकीत टाच रुंद, एकीत बोटं आखडलेली. एका बाईची सगळी वर्षं एका दिवसात कोंबलेली. 'शेवटचं शेवटचं' सर्वांत जुनं असू शकत होतं. माणूस शेवटचं म्हणतो तेव्हा पुढचं कुठे ठाऊक असतं? चुकीची आकृती घेतली की तिसरा बूट, तिसरी जखम. आणि तिसऱ्यांदा आई खुर्चीतून उठायला तयार होणार नव्हती. हे कुणी बोललं नाही तरी थोरल्याला ठाऊक होतं, कारण ते त्याने तिच्या तोंडून ऐकलं होतं, असू दे रे म्हणून.

"आठही करून बघू," तो म्हणाला. "आठ बूट करतो. मला काही नाही."

"आणि मी आठ वेळा पडू?" आई म्हणाली.


मूळ

"त्यातला कुठला खरा, हे त्यातून कळायचं नाही," काका म्हणाले. "पायाला विचारावं लागेल."

आईने डावा पाय साडीखाली ओढून घेतला.

इथे थोरल्याने काही सांगायला हवं होतं आणि ते सगळ्यांना माहीत होतं. त्याने दोन बूट केले. एक जुन्या बुटावरून, एक अंदाजाने. माप त्याने घेतलंच नव्हतं. गावाचे पाय मांडीवर घेणारा माणूस तो, पण आईसमोर पट्टी घेऊन बसला की ती म्हणायची, "राहू दे, ह्यांनी काढलेलं असेल त्यात, ते बघ." आणि त्याला सुटल्यासारखं व्हायचं. दुकान एकत्र होतं तेव्हा काका सगळ्यांची मापं घ्यायचे, एक पाय सोडून. आईच्या पायाचं माप आप्पांचं. दार लावून, मोजा उतरवून, ते एकटेच घ्यायचे.

"वहिनी," काका म्हणाले, "मी बाहेर बसतो हवं तर. पोराला घेऊ द्या."

"तुम्ही कुठे जाता? याला येतं का वळलेल्या घोट्याचं?" आई म्हणाली. "तुम्हाला म्हणूनच बोलावलं, भाऊजी. त्या मशीनसाठी नाही. मला वाटलं होतं, त्यात सापडलं तर बरंच, तुम्हाला नुसता चहा देऊ. नाही सापडलं तर..."

तिने वाकून मोज्याला हात घातला. हात पोचेना. थोरल्याची बायको पुढे झाली, पण तोवर थोरला गुडघ्यांवर आला होता.

मोजा उतरला. पाय लहान होता, त्याच्या आठवणीतल्यापेक्षा लहान, आणि थंड. घोट्यावर त्याच्या पहिल्या बुटाचा व्रण तांबूस उमटलेला. तो त्या व्रणाकडे बघत राहिला.

"बघत काय बसलास? भरला तो," आई म्हणाली.

"काका, पट्टी तुम्ही घ्या."

काकांनी दोन्ही हात पुढे केले आणि त्याला दाखवले. पंजे स्थिर राहीनात. "या हातांत पट्टी दिलीस तर सुताराची मुलगी होईल तुझ्या आईची. तू घे. मी सांगतो."

आधी बसून घेतलं. टाच, चवडा, घोट्याची आतली बाजू. काका सांगत गेले : तिथे नाही, हाडाच्या खाली; अंगठ्याने दाब, दुखलं तर त्या सांगतील. आई दुखलं ते सांगत गेली. धाकटी आकडे पडद्यावर भरत होती आणि आठ आकृत्या एकेक करून बाद होत होत्या. शेवटी दोन उरल्या, 'हेच' आणि 'बदललेलं'.

"आता उभ्याने," काका म्हणाले. "बसलेला पाय खोटं बोलतो. भार आला की तो कुठे पळतो ते दिसतं. तोच खरा."

थोरल्याने जमिनीवर कोरा कागद पसरला. बायकोने आईला एका बाजूने धरलं. दुसऱ्या बाजूला कुणी नव्हतं; धाकटी पडद्यापाशी, थोरला पायाशी. काका स्टुलावरून उठले आणि येऊन आईच्या डावीकडे उभे राहिले. खांदा थोडा खाली करून.

आईने त्या खांद्याकडे पाहिलं. मग हात ठेवला. पाय कागदावर टेकवला, नुसता, पाखरू बसावं तसा.

"असा नाही, वहिनी. पूर्ण."

"पडेन मी."

"पडलात तर माझ्यावर पडाल. टाका."

आईने भार टाकला. काकांचा खांदा दबला, ते थोडे हलले, आणि ठाम राहिले. कागदावर पाय पसरला. घोटा आत गेला, चवडा बाहेर आला, बोटं एकेक करून जमिनीला लागली. तसला आकार आठांपैकी एकाही आकृतीत नव्हता.

थोरल्याने पेन्सिल टाचेपाशी टेकवली.

"सांगा, काका," तो म्हणाला.